एक वाहणारा, एक कोरडा

स्वायत्त मज्जासंस्थेची, म्हणजे हृदय, आतडी, ग्रंथी आपोआप चालवणाऱ्या नसांची औषधं शिकवायला घेतली की मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर 'स्लज', 'डंबेल्स' अशी लक्षणांच्या इंग्रजी आद्याक्षरांची जोडणी सुरू होते. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण कॅज्युअल्टीत रुग्ण समोर तळमळत असताना डंबेल्समधला 'यू' कशाचा, हे आठवत कोण बसणार? म्हणून मी दोन माणसं लक्षात ठेवायला सांगतो.

पहिला फवारणीवरून आलेला शेतकरी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, त्यामुळे हा माणूस तुम्हाला परका नाही. ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशक कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतं, मग नसांचा निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन मोडत नाही, साचत जातं. हा माणूस सगळीकडून वाहतो. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, दरदरून घाम, उलट्या, जुलाब, कपड्यातच लघवी, छातीत घरघर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

दुसरा धोतऱ्याचं बी पोटात गेलेला. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन आणि हायोसिन असतं, ते मस्कॅरिनिक रिसेप्टर, म्हणजे ग्रंथी, हृदय, आतड्यांवरच्या अ‍ॅसिटिलकोलीनच्या जागा, अडवून धरतं. हा कोरडा ठणठणीत. जीभ टाळूला चिकटलेली, कातडी लालबुंद, बाहुल्या विस्फारलेल्या, लघवी तुंबलेली, नाडी पळतेय. घामच बंद म्हणून अंग तापलेलं. वर असंबद्ध बडबड. इंग्रजी पुस्तकांत याच्यासाठी ससा, वटवाघूळ, बीट आणि टोप्या बनवणारा वेडा अशी अख्खी वरात आहे. आपल्याला धोतरा पुरे.

यातला एकच पाठ करा, दुसरा उलटा करून मिळतो. औषधंही तशीच अदलाबदलीची. वाहणाऱ्याला अ‍ॅट्रोपिन, म्हणजे कोरड्याचं विष. आणि कोरड्याला, निवडक रुग्णांत, फायसोस्टिग्मिन. तेही कोलिनेस्टरेजच अडवतं. मग निओस्टिग्मिन का नाही? 'फायसो फिरतो, निओ निमूट बाहेर.' निओस्टिग्मिनवर कायमचा धनभार असल्यामुळे ते मेंदूत शिरत नाही आणि बडबड काही थांबत नाही.

आता ही युक्ती कुठे संपते तेही ऐका, कारण रुग्ण तिथेच हातचे जातात. साचलेलं अ‍ॅसिटिलकोलीन निकोटिनिक रिसेप्टरवरही, म्हणजे हालचालीच्या स्नायूंवरच्या आणि गँग्लियांतल्या जागांवरही बसतं. स्नायू फडफडतात, मग लुळे पडतात, श्वासाचेही. तिथे अ‍ॅट्रोपिनचा काही उपयोग नाही. कोलिनेस्टरेज पुन्हा चालू करायला प्रॅलिडॉक्झिम देतात, पण खरा भरवसा व्हेंटिलेटरचा. गँग्लिया, म्हणजे नसांच्या गाठी, चेतल्या गेल्यामुळे काही वेळा या माणसाची नाडीही जलद असते. 'वाहणाऱ्याची नाडी मंदच' असं घोकलेला पोरगा तेवढ्यावरून अ‍ॅट्रोपिन रोखतो. रोखू नका. छातीतली घरघर थांबेपर्यंत, रक्तदाब सावरेपर्यंत द्यायचं. डोळ्यांत टॉर्च मारून डोस ठरवायचा नाही.

बीटा ब्लॉकरचं, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचे बीटा रिसेप्टर अडवणाऱ्या औषधांचं, थोडक्यात सांगतो. हृदय एक, तिथे बीटा वन. फुप्फुसं दोन, तिथे बीटा टू. दम्याच्या रुग्णाला दोन्ही अडवणारं प्रोप्रॅनोलॉल का देत नाहीत, हे यातच आलं. आणि इंग्रजी ए ते एम या अक्षरांनी सुरू होणारे बहुतेक ओलॉल हृदयाशी एकनिष्ठ: अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल. एनपासून पुढचे दोन्हीकडे हात मारणारे. कार्व्हेडिलॉल आणि लॅबेटालॉल यांची शेपटी जरा वेगळी, ते अल्फा रिसेप्टरही अडवतात. आणि नेबिव्होलॉल? लेकाचा एनचा असूनही एकनिष्ठ. तोंडी परीक्षेत हमखास तोच विचारतात.