अकाउंट्स घ्यायचं की नाही : बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे दिलेलं व्याख्यान

नमस्कार मंडळी. निकालाच्या दिवसांत पालक येतात आणि विचारतात, "सर, सायन्स काही झेपेल असं दिसत नाही. कॉमर्सला टाकू का?" मला हा प्रश्न मान्य नाही. जे झेपलं नाही त्यावरून मुलाची पुढची चाळीस वर्षं ठरवू नयेत. अकाउंट्सचं काम प्रत्यक्षात कसं चालतं आणि ते आपल्याला आवडेल का, हे प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी घरबसल्या तपासता येतं. आज मी मुख्यतः तेवढंच सांगणार आहे.

लोकांना वाटतं, अकाउंटंट म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. बेरजा केव्हाच टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरकडे गेल्या. मग माणसाकडे काय उरलं? आपल्या तासगावचंच उदाहरण घेऊ. समजा, एका व्यापाऱ्याचा ५० टन बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये पडून आहे. त्याला तो किलोमागे १५० रुपयांना पडला. ३१ मार्चला बाजारात त्याच प्रतीचा माल १२० ला जातोय. ताळेबंदात, म्हणजे त्या दिवशी जवळ काय आहे आणि देणं किती आहे हे दाखवणाऱ्या पत्रकात, हा साठा किती रुपयांचा दाखवायचा? नियम असा, की मालाला लागलेली किंमत आणि तो विकून खर्च वजा जाता हाती येणारी किंमत, या दोन्हींत जी कमी असेल ती धरायची. विक्रीचा खर्च सोडून दिला तरी किलोला ३० रुपयांचा फरक पडतो. ५० टनांवर १५ लाख. हे १५ लाख त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होतात.

व्यापारी म्हणतो, "साहेब, दिवाळीला दर चढणार आहे. आत्ताच तोटा कशाला दाखवता?" तो खोटं बोलत नाही. दिवाळीच्या तोंडावर बेदाण्याला मागणी येते, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच मालाच्या तारणावर बँकेनं कर्ज दिलेलं आहे. बँकेचा अधिकारी ताळेबंद बघून ठरवणार की पुढं उचल द्यायची की नाही. म्हणून आपल्याला प्रश्न विचारत जावं लागतं. १२० हा दर आणला कुठून? आडत्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, दाखवा. त्या कुठल्या तारखेच्या आहेत? माल हिरवा किती, पिवळा किती, काळा किती? यंदाचा किती आणि मागच्या हंगामातला शिल्लक किती? पावत्यांवर ५० टन आहे, पण स्टोरेजमध्ये बॉक्स मोजले कोणी?

यातलं गणित पाचवीच्या मुलाला येतं. अवघड आहे ते समोरच्या भल्या माणसाला, जो आपली फी देतो, त्याला शांतपणे "नाही, १२० च" असं सांगणं. आणि सांगायच्या आधी स्वतःची खात्री होईपर्यंत खोदत राहणं. ज्या मुलाला "हा आकडा आला कुठून?" हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही, त्यानं या क्षेत्रात यावं. पुस्तपालनात ९५ मार्क मिळाले आणि ही खोड मात्र नसली, तर हे काम त्याला दोन वर्षांत कंटाळवाणं वाटायला लागेल. उलट बारावीला ६५ टक्के मिळवलेली, पण ही खोड असलेली मुलं पुढं उत्तम ऑडिटर झालेली मी पाहिली आहेत.

आता ही खोड आहे की नाही, हे कसं तपासायचं? तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी पतसंस्थेचं, सोसायटीचं, कारखान्याचं सभासद आहे. मार्चअखेर वर्ष संपतं, सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते, आणि त्याआधी संस्थेचा अहवाल घरी येतो. पहिल्या पानांवर फोटो, मग सभेची सूचना, मग चेअरमन साहेबांचं मनोगत. बहुतेक घरांत तो तिथंच मिटतो. तुम्ही तो मागच्या पानांपासून वाचायला घ्या. जोडीला मागच्या वर्षीचाही अहवाल घ्या, रद्दीत गेला नसेल तर.

एका बाजूला भागभांडवल, राखीव निधी, ठेवी. दुसऱ्या बाजूला रोख, बँकेतली शिल्लक, गुंतवणूक, कर्जं. ठेवी किती वाढल्या? कर्जं किती वाढली? मग 'येणे व्याज' ही ओळ शोधा. कर्जदारांकडून यायचं आहे पण अजून आलेलं नाही, असं ते व्याज. समजा नफा ४० लाख दाखवलाय आणि येणे व्याज एका वर्षात ६० लाखांनी वाढलंय, म्हणजे हाती न आलेलं व्याजही नफ्यात धरलेलं असू शकतं. ते व्याज थकलेलं असेल तर त्यासाठी तरतूद केलेली, म्हणजे नफ्यातून तेवढी रक्कम बाजूला काढलेली, असायला हवी. ती केली आहे का? लेखापरीक्षकांनी संस्थेला 'अ' वर्ग दिला असेल, तर त्यांच्या दोषदुरुस्तीच्या शेऱ्यांत काय लिहिलंय? आणि मागच्या वर्षी तोच शेरा होता का?

हे वाचताना तुमची जेवायची वेळ टळली, तर ओळखा की हे आपलं क्षेत्र आहे. दहा मिनिटांत मोबाईल हातात घ्यावासा वाटला, तरी वाईट वाटून घेऊ नका. अर्थशास्त्र आहे, कायदा आहे, मार्केटिंग आहे. पण मग सी.ए.च्या क्लासची फी भरायच्या आधी आई-वडिलांशी बोला. चार-चार वर्षं मनाविरुद्ध परीक्षा देत राहिलेली मुलं मी पाहतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

हा अहवाल वाचायचा आग्रह मी का धरतो? सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले. खात्यात कितीही रक्कम असली तरी सुरुवातीला फक्त १००० रुपये काढायची मुभा होती. मुंबईत आणि आसपास किती निवृत्त माणसं, किती छोटे दुकानदार, किती गृहनिर्माण सोसायट्या त्यात अडकल्या. कारण काय होतं? बँकेच्या कर्जांपैकी सुमारे ७० टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेलेलं होतं, आणि ते झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती कागदावर उभी केली होती. नियामकाला दिलेल्या यादीत ती खाती होती. बँकेच्या संगणक प्रणालीत ती नव्हती. यादी एकीकडे आणि प्रणाली दुसरीकडे ठेवून कुणी वेळेवर ताडून पाहिलं असतं, तर लोकांची बरीच रक्कम वाचली असती, असं मला मनापासून वाटतं. पुढं जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांना आपल्याच पैशांसाठी आणखी वर्षानुवर्षं थांबायला सांगितलं गेलं. ऑडिटर म्हणून केलेली आपली सही किती घरांना पुरते, हे मुलांना विशीच्या आतच कळलेलं बरं.

आता सी.ए.च्या वाटेबद्दल. १९४९ च्या कायद्यानं इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स स्थापन झाली. २०२३ मध्ये नवी शिक्षण योजना आली. बारावीनंतर फाउंडेशनचे चार पेपर, मग इंटरमीजिएटचे सहा, मग दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकणं, आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनलचे सहा. पूर्वी आर्टिकलशिप तीन वर्षांची होती. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये (इंटरमीजिएट आणि फायनलला तीन पेपरांचा एक ग्रुप) एकूण ५० टक्के मिळवावे लागतात, आणि इथंच मुलं अडतात. दोन पेपरांत ६०-६५ मिळाले आणि एकात ३८, तर तो ग्रुप गेला. २०२४ आणि २०२५ च्या परीक्षांत फाउंडेशनचा निकाल साधारण १५ ते २२ टक्के राहिला. म्हणजे शंभरातले जवळजवळ ऐंशी जण त्या वेळी मागं राहिले. एकही अडथळा आला नाही तरी बारावीनंतर चार वर्षांच्या आसपास लागतात. अडथळे धरून सहा-सात वर्षांची मनाची तयारी आणि घरची आर्थिक तयारी ठेवा. आर्टिकलशिपचं विद्यावेतन मिळतं, पण तेवढ्यावर पुण्यात राहणं-खाणं भागेल असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

एक बारीक गोष्ट, जी पालकांना कुणी सांगत नाही. अकरावीला गणित सोडून चिटणीसाची कार्यपद्धती घेण्याकडे मुलांचा ओढा असतो, कारण मार्क पडतात. पण फाउंडेशनचा तिसरा पेपर गणित, संख्याशास्त्र आणि तर्कबुद्धीचा आहे, आणि त्यात चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. सी.ए. करायचं मनात असेल तर गणित सोडू नका. सायन्सच्या मुलांनाही बारावीनंतर फाउंडेशन देता येतं, आणि हा पेपर त्यांना सोपा जातो.

सी.ए. हे एकच शिखर आहे असं मात्र मी मानत नाही. कारखान्यात, जिथं एक किलो साखरेला किंवा एका कास्टिंगला खरा खर्च किती येतो हे काढायचं असतं, तिथं कॉस्ट अकाउंटंट लागतो. त्याची वेगळी संस्था आहे, आणि त्या अभ्यासक्रमाला सी.एम.ए. म्हणतात. सरकारी सेवेची ओढ असेल तर लोकसेवा आयोगामार्फत महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा आहे. आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांनी हमखास विचारात घ्यावी अशी एक परीक्षा आहे, जी.डी.सी. अँड ए. सहकार खातं ती घेतं, पदवीधराला देता येते, फी माफक आहे. या पदविकेनंतर आवश्यक तो अनुभव घेऊन सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत, म्हणजे पॅनेलवर, जाता येतं. ज्या भागात गल्लोगल्ली पतसंस्था आणि दूध संस्था आहेत, तिथं या माणसाला आयुष्यभर काम आहे, आणि गाव सोडावं लागत नाही. याची माहिती कॉलेजच्या पहिल्या वर्षी मिळायला हवी. मिळत नाही, हे खेदाचं आहे.

संगणक हे काम खाऊन टाकेल का, असं दरवेळी विचारलं जातं. नुसत्या नोंदी टाकण्याचं काम कमी होतच आहे, आणि फक्त टॅलीचा तीन महिन्यांचा कोर्स करून नोकरी टिकेल असं मी कुणाला सांगणार नाही. पण बेदाण्याचा दर १२० धरायचा की १५०, याची जबाबदारी घ्यायला माणूस लागणार. शिवाय कायदा बदलत राहतो. १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला, तेव्हा पन्नाशीतले आमचे सहकारी विद्यार्थ्यांसारखे बाकावर बसून शिकले. आता १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आलाय, १ एप्रिल २०२६ पासून लागू. म्हणजे कलमांचे पाठ झालेले नंबर पुन्हा नव्यानं शिकायचे. ज्याला याचा कंटाळा येणार नाही तो टिकेल.

आणि तारखा. सात तारखेला टी.डी.एस., म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला आयकर, भरायचा, अकराला जी.एस.टी.चं एक विवरण, वीसला दुसरं. जुलै ते ऑक्टोबर घरच्या कार्यक्रमांना हजेरी लागेलच असं नाही, गणपती धरून. हे मुलीच्या आई-वडिलांनी ऐकलं की ते म्हणतात, "मग मुलींना नको." मला हे अजिबात पटत नाही. इतक्या वर्षांत माझ्याकडे आर्टिकलशिपला आलेल्यांत सर्वांत चिवटपणे कागद तपासणाऱ्या मुलीच होत्या. त्यातल्या काहींचं फायनल एका ग्रुपवर राहिलं, आणि ते अभ्यास कमी पडल्यामुळं राहिलं नाही. "वय चाललंय" म्हणून लग्न उरकलं गेलं. पालकांनो, मुलगी पाचव्या वर्षी एका ग्रुपवर थांबलेली असेल, तर तिला आणखी दोन प्रयत्नांचा वेळ द्या. एवढं मी हात जोडून मागतो.

मघाशी एका विद्यार्थ्यानं चिठ्ठी पाठवली आहे : "मी मराठी माध्यमाचा आहे. मला जमेल का?" जमेल. अकाउंट्सच्या पेपरात भाषा फारशी आडवी येत नाही, ताळेबंद जुळला की जुळला. तू अडशील तो कायद्याच्या पेपरात, कारण तिथं कलम समजून परिच्छेदात उत्तर लिहावं लागतं, आणि परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागते. म्हणून क्लासची वाट पाहू नकोस. १८७२ चा भारतीय करार कायदा फाउंडेशनला आहे, तो सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. पहिली तीस कलमं घे. रोज एक इंग्रजीत वाच, त्याचा अर्थ मराठीत वहीत लिही, त्याला तुझ्या गावातलं एक उदाहरण जोड. उसाची तोडणी, गाळ्याचं भाडं, ट्रॅक्टरचा सौदा, काहीही चालेल. मग वही मिटून तेच उत्तर इंग्रजीत लिहून काढ. परवापासून सुरू केलंस तर महिनाभरात झालं. ती वही घेऊन ये, मी तपासून देईन.