चांदी-तांब्याची फेज आकृती: आकड्यांपासून रेषेपर्यंत

मंडळी, कोणत्या तापमानाला आणि कोणत्या प्रमाणात मिश्रधातूचे कोणते फेज (द्रव किंवा घन अवस्था) असतात, हे दाखवणारा नकाशा म्हणजे फेज आकृती. ती गणिताने काढायला आज आपण चांदी आणि तांबे ही एकच जोडी घेऊ. एक जोडी नीट मांडता आली की पुढच्या जोड्यांना हात घालायची भीती राहत नाही. या जोडीतली मोजलेली माहिती पक्की आहे. युटेक्टिक, म्हणजे द्रव आणि दोन्ही घन एकत्र नांदतात तो बिंदू, ७७९° से.ला, म्हणजे १०५२ केल्व्हिनला येतो. तिथे द्रवात ३९.९ मोल टक्के तांबे असतं, चांदीच्या घनात १४.१ टक्के तांबे मावतं आणि तांब्याच्या घनात ४.९ टक्के चांदी.

फेज आकृतीतल्या रेषा मुक्त ऊर्जेच्या वक्रांमधून निघतात; ही ऊर्जा जिथे सर्वांत कमी, ती अवस्था टिकते. प्रत्येक तापमानाला प्रत्येक फेजचा एक वक्र असतो, आणि इथे फेज दोनच: द्रव आणि एफसीसी (फलककेंद्रित घनाकार स्फटिकरचनेचा) घन. बरेच जण अल्फा (चांदीबहुल) आणि बीटा (तांबेबहुल) असे दोन वेगळे घन मांडतात. दोन्हींची स्फटिकरचना एकच आहे, त्यामुळे वक्रही एकच, फक्त त्याला दोन खळगे. दोन वेगळे वक्र घेतले तर त्यांचे संदर्भ जुळत नाहीत आणि आकृती पहिल्या पायरीलाच बिघडते.

क्ष म्हणजे तांब्याचा मोल अंश. आदर्श मिश्रणाच्या लॉगवाल्या पदात जास्तीची ऊर्जा मिळवायची: क्ष(१−क्ष)[अ + ब(१−२क्ष)]. ‘अ’ आणि ‘ब’ हे मोजलेल्या माहितीवरून काढायचे आकडे. ‘ब’ कशाला हवा, हे हातानेच ताडून बघा. ‘ब’ शून्य धरून फक्त १४.१ टक्क्यांवरून ‘अ’ काढला तर साधारण २२ किलोजूल प्रति मोल येतो, ४.९ टक्क्यांवरून काढला तर जवळजवळ २९. दोन टोकं दोन उत्तरं देतात, म्हणजे सममित मॉडेल इथे चालणार नाही. दोन्ही धातूंची रासायनिक विभवं (त्या धातूच्या एका मोलमागची मुक्त ऊर्जा) दोन्ही घनांत समान ठेवली की दोन अज्ञातांची दोन रेषीय समीकरणं मिळतात. ती सोडवली की अ = २४.६ आणि ब = −४.२ किलोजूल. कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांचं काम आहे, पण ते स्वतः करावंच. सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमधले आकडे कुठून येतात, हे त्याशिवाय कळत नाही.

आता द्रव. वितळण्याची उष्णता चांदीची ११.३, तांब्याची १३.२६ किलोजूल प्रति मोल; वितळणबिंदू १२३५ आणि १३५८ केल्व्हिन. घन-द्रव फरक म्हणजे उष्णता × (१ − तापमान/वितळणबिंदू). युटेक्टिकच्या बिंदूवरून द्रवाचा परस्परक्रिया गुणांक (घनातल्या ‘अ’चा द्रवातला जोडीदार) चांदीच्या समीकरणातून सुमारे ११ किलोजूल येतो, तांब्याच्या समीकरणातून १३. सुरुवातीला १२ धरा. द्रव आदर्श मानला, म्हणजे गुणांक शून्य ठेवला, तर युटेक्टिक ५५०° से.च्या आसपास घसरतो. दोनशे अंशांहून मोठी चूक!

रेषा काढायला सर्वांत भरवशाची पद्धत खालच्या बहिर्वक्र आवरणाची, म्हणजे सगळ्या बिंदूंना खालून ताणून बांधलेल्या दोरीची. क्ष ०.००१ च्या पायरीने घ्या, टोकांना आणखी दाट. ० आणि १ वर लॉग फुटतो, म्हणून शुद्ध धातूंची किंमत वेगळी भरा. दोन्ही वक्रांचे सगळे बिंदू एकत्र टाकून खालचं आवरण काढा. आवरणाची जी कडा शेजारच्या पायरीपेक्षा लांब, तिथे दोन फेज. कडेची टोकं म्हणजे टाय-लाइनची (एकत्र असलेल्या दोन फेजांना जोडणाऱ्या आडव्या रेषेची) टोकं. न्यूटन पद्धतीने (अंदाज सुधारत समीकरणं सोडवून) सामाईक स्पर्शिका शोधलीत तर सुरुवातीचे अंदाज ०.०२ आणि ०.९८ असे दूर ठेवा. जवळ ठेवलेत तर दोन्ही अंदाज एकाच बिंदूवर जाऊन बसतात. समीकरणं तरीही सुटतात, पण ते उत्तर निरर्थक असतं.

युटेक्टिकच्या वर अल्फा-द्रव आणि द्रव-बीटा अशा दोन कडा दिसतात, खाली एकच अल्फा-बीटा. हा बदल कुठे होतो, ते तापमान निम्मं-निम्मं करत ०.१ केल्व्हिनपर्यंत गाठा. ती आडवी रेषा वेगळी काढा. स्प्लाइनला (बिंदूंमधून गुळगुळीत वक्र काढणाऱ्या पद्धतीला) सगळे बिंदू एका दमात जोडू दिलेत तर युटेक्टिकचा टोकदार कोपरा गोल होतो.

दोन तपासण्या चुकवू नका. चांदीच्या टोकाला १ मोल टक्का तांब्याने लिक्विडस (जिच्या वर सगळं द्रव असतं ती रेषा) सुमारे ११ अंशांपेक्षा जास्त उतरूच शकत नाही, आणि घनात विद्राव्यता असल्याने प्रत्यक्षात सातेक अंशच उतरतो. याहून तीव्र उतार दिसला तर सेल्सिअस-केल्व्हिन किंवा जूल-किलोजूलची गल्लत शोधा. आडव्या अक्षावर वजनाचे टक्के हवे असतील तर रूपांतर अगदी शेवटी करा: ३९.९ मोल टक्के तांबे म्हणजे वजनाने २८.१, तोच ७२-२८ चा ब्रेझिंगचा (धातू जोडण्याचा) मिश्रधातू.

दुसरी तपासणी सॉल्व्हसची, म्हणजे घनात किती दुसरा धातू मावतो त्या रेषेची. ‘अ’ स्थिर ठेवला तर ४००° से.ला चांदीत सुमारे ३ टक्के तांबे मावतं असं उत्तर येतं. खरा आकडा त्याहून बराच कमी आहे. कारण ‘अ’ तापमानाबरोबर बदलतो: थंड होताना तो वाढतो. म्हणून तो ‘स्थिरांक − गुणांक × तापमान’ असा लिहायचा, आणि त्यासाठी कमी तापमानाचा किमान एक मोजलेला बिंदू लागतो. ९२५ चांदीत वजनाने ७.५ टक्के तांबे असतं, तर युटेक्टिकला चांदीत मावणारं कमाल तांबे ८.८ टक्के. म्हणजे हा मिश्रधातू पूर्ण एकजीव ठेवायला युटेक्टिकच्या आजूबाजूची अरुंद पट्टीच मिळते. भट्टीचं तापमान ठरवणाऱ्याला हीच पट्टी लागते, आणि सॉल्व्हस चुकला तर तीच चुकीच्या जागी दिसते.