कोणासोबत गेली होतीस गं?

नमस्कार मंडळी, कसे आहात. आज बोलूया पझेसिव्ह मित्रमैत्रिणींबद्दल, प्रत्येक ग्रुपात एक तरी असतेच, आणि तुमच्या ग्रुपात नसेल तर जरा विचार करा, हाहा.

म्हणजे बघा, तुम्ही ऑफिसच्या लोकांबरोबर सिंहगडला गेलात, पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्याचा फोटो स्टेटसला टाकला, की लगेच जिवलग मैत्रिणीचा मेसेज, "छान, आता आम्ही कशाला आठवतोय." मग दोन दिवस नुसती ब्लू टिक, रिप्लाय नाही, काय झालं विचारलं तर "काही नाही". पुढच्या वेळी तुम्ही स्टेटस टाकता पण तिला हाइड करून, आणि तिने विचारलंच तर घरीच होते गं, डोकं दुखत होतं. लोकांना वाटतं अशी मैत्री एखाद्या मोठ्या भांडणाने तुटते, मला नाही तसं वाटत, ती या डोकेदुखीच्या थापांनीच आतून पोखरली जाते, आणि थापा मारायला लावतं कोण, तर जिला सगळं कळायलाच हवं असतं तीच.

चित्रकार व्हॅन गॉगचंच घ्या. त्याने स्वतःचा कान कापल्याचा किस्सा सगळ्यांना माहितीये, त्याआधीचं कोणी सांगत नाही. १८८८ साली तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात एक पिवळं घर भाड्याने घेऊन बसला होता आणि डोक्यात एकच, चित्रकार मित्र पॉल गोगँने इथे येऊन राहावं. गोगँ येतो येतो म्हणत महिने घालवतोय आणि हा त्याची खोली सजवतोय, त्या खोलीसाठी सूर्यफुलं रंगवतोय, राहणार दोघं आणि खुर्च्या आणल्या बारा! खर्च सगळा धाकट्या भावाचा, थिओचा. आता एवढी तयारी बघून कोणालाही भरून येईल, पण मला त्या गोगँचंच टेन्शन येतं, इतकं केलेल्या माणसाला मी निघतो म्हणून सांगायचं तरी कसं?

२३ ऑक्टोबरला तो आला. सुरुवातीला बरं चाललं, सोबत चित्रं काढायचे, स्वयंपाक गोगँकडे. मग खटके उडायला लागले, समोर बघून रंगवायचं की मनातून, यावरून तर कडाक्याचे वाद. डिसेंबरच्या मध्यात गोगँने पत्र लिहिलं की आमचं एकत्र जमणार नाही, मला पॅरिसला यायचंय. आणि पत्र कोणाला, तर थिओला! नंतर तो विचार मागे घेतला म्हणा, पण घरात धाकधूक सुरू झालीच, आणि २३ डिसेंबरच्या रात्री ते कानाचं प्रकरण घडलं. व्हॅन गॉग आजारी होता, त्यामुळे सगळं खापर मैत्रीवर फोडणं बरोबर नाही. गोगँ पॅरिसला गेला, पत्रं चालू राहिली पण दोघं परत कधी भेटले नाहीत, आणि १८९० च्या जुलैमध्ये व्हॅन गॉग गेलाच.

तर तुमची मैत्रीण तुमच्याबद्दलचं गाऱ्हाणं तुमच्या बहिणीला सांगत असेल, तर बहिणीवर चिडू नका, तुम्हाला सांगायची मैत्रिणीला भीती का वाटते ते बघा. आणि तुम्हीच गुदमरत असाल तर डोकं दुखत होतं म्हणू नका, सरळ सांगा, शनिवारी मी ऑफिसच्यांबरोबर चाललेय, रविवारी तुझ्याकडे येते. ती रुसेल. रुसू दे, रविवारी जा मात्र नक्की.