पिट लाइनवरची नोकरी: पगार, प्रेशर आणि चाकं

(आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, रेल्वेतली नोकरी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो लोको पायलट, टीसी, नाहीतर स्टेशन मास्तर. गाडी यार्डात गेल्यावर डब्याखाली शिरणारा फिटर कुणाला आठवत नाही. आज त्याच्याबद्दल बोलू. खात्याचं नाव कॅरेज अँड वॅगन, म्हणजे प्रवासी डबे आणि मालडबे, बोलीत ‘सी अँड डब्ल्यू’. घरात पैशांची ओढाताण सुरू झाली की असल्या आडवळणाच्या जागांकडे लोक वळतात. वळावंही, पण नोकरी काय आहे आणि पैसा कधी हातात येतो हे दोन्ही आधी कळलेलं बरं.

पैशाचं आधी सांगतो. टेक्निशियन ग्रेड ३ ही जागा सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात लेव्हल २ ला येते, मूळ पगार १९,९०० रुपये. असिस्टंट म्हणून लेव्हल १ ला लागलात तर १८,०००. त्यावर वर्षातून दोनदा बदलणारा महागाई भत्ता आणि घरभाडं. घरभाडं गावावर ठरतं: सध्या मुंबई-पुण्याला मूळ पगाराच्या ३० टक्के, नागपूर-सोलापूरला २०, कुर्डुवाडीसारख्या ठिकाणी १०. क्वार्टर मिळालं की हा भत्ता बंद. पगारातून एनपीएसचे, म्हणजे पेन्शन योजनेचे, १० टक्के जातात, ते मूळ आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिच्यावर. व्यवसाय कर वेगळा. म्हणून जाहिरातीतला आकडा बघून कर्जाचा हप्ता ठरवू नका. रात्रपाळीचा भत्ता धरून तर मुळीच नको, कारण पाळी बदलली की तो जातो.

दुसरी गोष्ट वेळेची. मार्च २०२४ मध्ये निघालेल्या टेक्निशियन भरतीची संगणक परीक्षा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. त्यानंतर कागदपत्रं, वैद्यकीय, नेमणूक, मग प्रशिक्षण. तंगी आज आहे आणि ही नोकरी तिच्यावर आजचा उपाय नाही. अर्ज भरा, पण हातातलं काम सोडू नका. अर्जाचा खर्च तसा फार नाही. त्या भरतीत शुल्क ५०० रुपये होतं आणि परीक्षेला बसलात तर ४०० परत, अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्पसंख्याक अशा काही गटांना २५० आणि तेवढेच परत. परतावा बँक खात्यात येतो, तेव्हा खाते क्रमांक आणि आयएफएससी दोनदा तपासा. याहून जास्त पैसे मागणारा माणूस, मग तो कितीही ओळखीचा असो, तुम्हाला लुटतोय.

मधल्या काळासाठी अॅप्रेंटिसशिपचा रस्ता आहे. मध्य रेल्वे मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर या गटांत अॅप्रेंटिस घेते. लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयचे गुण पाहतात. एक वर्षाचं काम, विद्यावेतन महिन्याला ७ हजारांच्या आसपास, राहायची सोय आपली आपण करायची. मुंबईत खोली घेऊन ते परवडत नाही, हे उघड आहे. घराजवळचा गट मिळत असेल तरच हिशेब जमतो. फायदा पुढे होतो: लेव्हल १ च्या भरतीत अॅप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखून ठेवतात.

पदांचा पसंतीक्रम भरताना प्रत्येक पदापुढे वैद्यकीय श्रेणी छापलेली असते, ती वाचा. चष्मा असेल, रंग ओळखण्यात गडबड असेल, डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि मग पसंती द्या. परीक्षेत पास आणि मेडिकलला नापास झालेली मुलं दर भरतीत असतात.

आता काम.

लांब पल्ल्याची गाडी प्रवास संपवून आली की रेक, म्हणजे एकमेकांना जोडलेले सगळे डबे, पिट लाइनवर घेतात. रुळांच्या मध्ये माणूस उभा राहील एवढा खोल चर असतो, त्यातून डब्याचं पोट तपासायचं. एका रेकला साधारण सहा तास मिळतात. तेवढ्यात खालून फिटर, वरून सफाईवाले, बाजूनं पाणी भरणारे आणि वीजवाले, सगळे एकाच गाडीवर असतात. त्यामुळे स्पॅनर हातात घेण्याच्याही आधी संरक्षण. रेकच्या दोन्ही टोकांना लाल झेंडी किंवा पाटी, रात्री लाल दिवा, आणि त्या लाइनीवर दुसरी गाडी येणार नाही अशी लावलेली पॉइंट्सची कुलपं. ज्या खात्यानं आपली पाटी लावली त्यानंच ती काढायची. ‘आमचं झालं, तुमचीही काढतो’ हा उपकार कुणी कुणावर करायचा नाही. आणि वर २५ हजार व्होल्टची तार असते. छतावरचं काही काम असेल तर वीज बंद केल्याचा लेखी परवाना हातात आल्याशिवाय शिडीला पाय लावायचा नाही.

या कामाचं मर्म एअर ब्रेकमध्ये आहे, म्हणून तिथे थोडा वेळ थांबतो. डब्यांखालून दोन पाइप जातात. हिरवा ब्रेक पाइप, त्यात चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब. पांढरा फीड पाइप, त्यात ६ किलो. सगळे नुसतं ‘पाच किलो, सहा किलो’ म्हणतात. ब्रेक पाइपमध्ये हवा भरलेली असते तेव्हा ब्रेक सुटलेले असतात, आणि हवा कमी केली की लागतात. गाडी तुटली, दोन डब्यांमधला होज पाइप निसटला, साखळी ओढली, काहीही झालं तरी हवा जाते आणि ब्रेक लागतो. प्रत्येक डब्याखाली डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह असतो, बोलीत डी.व्ही. पाइपमधला दाब उतरला हे तो ओळखतो आणि डब्याच्या स्वतःच्या टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरला देतो. जुन्या रचनेच्या आयसीएफ डब्यात सिलिंडरला ३.८ किलो मिळायला हवेत, नव्या जर्मन रचनेच्या एलएचबी डब्यात ३ किलो. दोन्हीकडे ०.१ ची सूट.

चाचणीचा क्रम असा. टेस्ट रिग, म्हणजे हवा पुरवणारं चाचणीचं यंत्र, जोडून दोन्ही पाइप पूर्ण भरायचे. मागच्या टोकाच्या गेजवर दाब पुरेसा पोचला का ते पाहायचं. मग शेवटच्या डब्याचा अँगल कॉक, म्हणजे पाइपाच्या टोकाची तोटी, उघडायचा आणि पुढच्या गेजचा काटा पडतो का बघायचं. ही पायरी कधीही गाळायची नाही. मधला एखादा अँगल कॉक बंद राहिला असेल तर पुढचा गेज छान ५ दाखवतो आणि मागच्या दहा डब्यांना ब्रेकच नसतो. काटा पडला की हवा सलग आहे याची खात्री होते. त्यानंतर गळती: पुरवठा तोडायचा, मिनिटभर दाब स्थिर होऊ द्यायचा, आणि पुढच्या मिनिटात किती उतरतो ते मोजायचं. प्रवासी डब्यांना ०.२ किलोपर्यंत चालतं, मालगाडीला ०.२५ पर्यंत. जास्त उतरला तर बहुतेक वेळा दोन डब्यांमधल्या होज कपलिंगचा रबरी वॉशर फाटलेला किंवा वाकडा बसलेला असतो. साबणाचं पाणी टाकलं की बुडबुडे जागा दाखवतात. वॉशर किरकोळ वस्तू आहे, पण तो न सापडल्यामुळे गाडी अर्धा तास उशिरा सुटते आणि मग प्रत्येक जण फिटरचं नाव विचारतो.

पुढच्या दोन चाचण्या एकमेकींच्या उलट आहेत. दाब ६ सेकंदांत ०.६ किलो उतरवला तर ब्रेक लागलाच पाहिजे. ६० सेकंदांत ०.३ उतरवला तर लागता कामा नये. दुसरी अट कशाला? लांब गाडीत थोडी गळती कायमच असते. डी.व्ही. तिलाही भुलला तर गाडी चालता चालता ब्रेक धरून बसेल.

हेच ‘ब्रेक बाइंडिंग’. या खात्यातला सर्वांत वैताग देणारा दोष, कारण एकच लक्षण आणि कारणं अनेक. साखळी ओढल्यानंतर डब्याच्या टोकाला असलेला व्हॉल्व्ह चावीनं जागेवर आणलेला नसतो. गार्डाच्या डब्याचा हँड ब्रेक सोडायचा राहिलेला असतो. ब्लॉक (चाकावर दाबला जाणारा ब्रेकचा ठोकळा) झिजला की वाढलेलं अंतर भरून काढणारा स्लॅक अॅडजस्टर अडकतो. आणि एक कारण असं की ते डब्यात सापडतच नाही: आधीच्या इंजिनानं पाइप ५.२ पर्यंत भरला, टाक्याही तेवढ्याच भरल्या, मग इंजिन बदललं आणि नवीन इंजिन बरोबर ५ देतं. डी.व्ही.च्या दृष्टीनं दाब उतरलेलाच राहतो, ब्रेक सुटत नाहीत. अशा वेळी एक-एक डब्याची रिलीज वायर ओढून हवा सोडावी लागते. वायर ओढली, पण ब्रेक खरंच सुटला का हे ब्लॉक हलवून पाहिलं नाही, तर ओढल्याचा उपयोग काय?

बाइंडिंग तसंच राहिलं की चाक फिरायचं थांबून रुळावर घासत जातं आणि त्याला सपाट डाग पडतो. फ्लॅट व्हील. फलाटावर उभे असताना एखादा डबा ‘धप्-धप्’ करत जातो ना, तोच. डब्याच्या चाकाला ५० मिलिमीटरपर्यंत आणि वॅगनच्या चाकाला ६० पर्यंत डाग चालतो. त्यापुढे डबा कापून सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या लाइनीवर. मर्यादा एवढी कडक असते, कारण प्रत्येक फेऱ्याला तो डाग रुळावर आदळतो. बेअरिंग तर खराब होतंच, थंडीत ताणलेला रूळही तुटू शकतो.

वॅगनमध्ये याच्या जोडीला एम्प्टी-लोडचा हँडल असतो. बॉक्सएनसारख्या वॅगनला तो हातानं फिरवायचा. भरलेल्या वॅगनला हँडल ‘रिकामा’वर राहिला तर ब्रेक कमी पडतो. रिकाम्याला ‘भरलेला’वर राहिला तर चाक जाम होऊन डाग पडतो. पिस्टनचा स्ट्रोक मोजला की हे पकडता येतं: रिकामी असताना ८५ मिलिमीटर, भरलेली असताना १३०, दोन्हीकडे १० कमी-जास्त.

चाकाचं मोजमाप हा या कामातला दुसरा मोठा भाग. ब्रॉडगेजवर दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर १६०० मिलिमीटर, अधिक २, उणे १. ते एकाच ठिकाणी मोजून चालत नाही, चाक फिरवून वेगवेगळ्या ठिकाणी घ्यायचं. फ्लँज, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी आतली कड, वॅगनला १६ मिलिमीटरपेक्षा बारीक झाली की चाक बाद. फ्लँजची उंची नवीन असताना २८.५ असते. चाकाची धाव, म्हणजे रुळावर टेकणारा भाग, झिजत गेली की तीच फ्लँज उंच होत जाते. ३५ च्या पुढे गेली तर ती रुळांच्या जोडावरच्या बोल्टवर घासू लागते. धावेवर ५ मिलिमीटरची खोलगट घळ पडली तरी चाक काढायचं. सगळ्यासाठी एक पत्र्याचा टायर डिफेक्ट गेज असतो. तो नीट धरायला पंधरा दिवस लागतात आणि त्यावर विश्वास ठेवायला वर्ष. नजरेनं ‘चालेल’ म्हणणारा फिटर कितीही अनुभवी असो, त्याच्या शेजारी उभं राहून काम शिकू नका.

ब्लॉक बदलण्याचं काम रोजचं, आणि बोटं जाण्याचंही. आयसीएफ डब्याचा डी.व्ही. आधी वेगळा करायचा, टाकी आणि सिलिंडर रिकामे करायचे, स्लॅक अॅडजस्टर फिरवून जागा करायची. मग स्प्लिट पिन, की, जुना ब्लॉक बाहेर, नवा आत. १३ टन अॅक्सल भाराच्या डब्यात त्यानंतर अॅडजस्टरवरचं ‘ए’ माप १६ मिलिमीटर आलं पाहिजे. आणि शेवटी डी.व्ही. पुन्हा चालू करायचा. तो बंद राहिला तर तो डबा ब्रेकविनाच ओढला जातो. आरंभस्थानकावरून सुटणाऱ्या प्रवासी गाडीला १०० टक्के ब्रेक पॉवर लागते, तिच्या दाखल्यावर अभियंत्याची सही असते. एलएचबीत ब्लॉक नाहीत, डिस्क आणि पॅड आहेत. पॅड नवा ३५ मिलिमीटर जाडीचा, ७ वर आला की बदलायचा. काम सोपं झालंय, पण चाक घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. फिटरला आता सेन्सरची वायरही ओळखावी लागते.

कुणी सांगत नाही ते सांगतो. बायो-टॉयलेटच्या टाक्याही याच खात्याकडे आहेत. तुंबलेल्या पाइपातून पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कापडं काढावी लागतात. हे काम जमणार नसेल तर आजच ठरवा. पावसाळ्यात पिटमध्ये पाणी साचतं, कंबर सारखी वाकलेली असते. आणि येणारी गाडी चालती असतानाच ‘रोलिंग-इन’ तपासताना रात्री तीनलाही रुळालगत बसून प्रत्येक चाकाचा आवाज ऐकावा लागतो, तापमापकानं अॅक्सल बॉक्स, म्हणजे चाकांच्या बेअरिंगच्या पेट्या, बघावे लागतात. एक बॉक्स शेजारच्यांपेक्षा फार गरम असेल तर ग्रीस कमी, ग्रीस जास्त, पाणी शिरलेलं किंवा बेअरिंगचा पिंजरा तुटलेला, यातलं काहीतरी असतं. ग्रीस जास्त झालं तरी बेअरिंग तापतं, हे नवख्यांना पटत नाही.

शेवटचा मुद्दा कंत्राटी कामाचा. सफाई, बेडरोल, पाणी भरणं, काही देखभाल ही कामं ठेकेदाराकडे असतात आणि गावात तीही ‘रेल्वेत लागला’ म्हणूनच सांगतात. घरी चूल पेटायची असेल तर ती घ्यायला हरकत नाही. मात्र पहिल्या महिन्यातच यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा, क्रमांक मागा आणि पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडून पाहा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगार आरोग्य विम्याचं, कार्ड मागा. पगार बँकेतच घ्या, आणि सही करताना पावतीवरचा आकडा आणि खात्यातला आकडा एकच आहे ना ते बघा. पिटमध्ये उतरायचं असेल तर सेफ्टी बूट आणि हेल्मेट ठेकेदारानं द्यायचं असतं, त्याचे पैसे पगारातून कापून नाही.