काकूंच्या तीनचाकीला मोटर बसतेय

ही तीनचाकी सायकल आत्ता उलटी करून ठेवलीय कारण पुढचं चाक काढायचंय. कोथरूडमधे टेकडीकडे चढत जाणाऱ्या गल्लीतली ही सोसायटी, आणि गाडी आहे सत्तरीतल्या एका काकूंची. गुडघे दुखायला लागले, तोल जातोय असं वाटायला लागलं तेव्हा दोन चाकांची सायकल त्यांनी सोडली, पण बाहेर पडणं सोडायचं नव्हतं म्हणून ही घेतली. मागे दोन चाकं, मधे मोठी बास्केट, त्यात दळणाचा डबा, भाजी, दूध, औषधं सगळं मावतं. जाताना उतार असतो, येताना मात्र भरलेली बास्केट आणि समोर चढ, मग उतरून ढकलत यायचं नाहीतर कोणालातरी फोन करायचा, आणि काकूंना तो फोनच करायचा नाहीये.

जरा हिशोब करूया. गाडी २५ किलो धरा, काकू ६०, सामान १५, झाले १०० किलो. दर १०० मीटरला ५ मीटर चढ असेल आणि ताशी ८ किलोमीटरनी जायचं असेल तर साधारण १३० वॅट ताकद लागते. या वयात सलग ५०-६० वॅट पायातून काढणं म्हणजेसुद्धा बरीच मेहनत आहे. म्हणजे कमी काय पडतंय, तर ७०-८० वॅट. बास, मोटरनं एवढंच भरून द्यायचंय. आणि म्हणूनच मला वाटतं की दुकानात गेल्यावर "स्पीड किती देते" हा प्रश्न विचारूच नका, चढावर भरलेली गाडी किती आरामात ओढते ते विचारा.

इथे बसतेय २५० वॅटची हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध असणारी, आत छोटे गिअर असलेली. या प्रकाराचा फायदा असा की मोटर बंद असताना पायडल मारलं तरी ती अडवत नाही. पुढच्या चाकातच का, तर मागे तीनचाकीचा लांब एक्सल असतो, तिथे काही बसवायचं म्हणजे चेन, ब्रॅकेट, वेल्डिंग सगळं आलं, आणि पुढे मात्र चाक काढून चाक लावायचं. शिवाय बऱ्याच स्वस्त तीनचाक्यांमधे पायडलचा जोर मागच्या एकाच चाकाला जातो, आता पुढचंही चाक ओढणार. फक्त पुढे वजन कमी पडतं त्यामुळे ओल्या चढावर चाक जागच्या जागी फिरू शकतं, तिथे मोटर हळूच द्यायची.

आता हे नीट बघा, कारण हीच जागा सगळ्यात महत्त्वाची. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा तिचा एक्सल तेवढ्याच जोरानं उलटा फिरायला बघतो, आणि त्याला धरून ठेवायला काय असतं, तर चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची, ती छोटीशी खाच. खाच पसरली की चाक निसटणार. म्हणून चिमटा स्टीलचाच हवा आणि त्याला टॉर्क आर्म, ही एक लोखंडी पट्टी, बसवायचीच, एक बाजू एक्सलवर आणि दुसरी चिमट्याला घट्ट. मोटरच्या किटमधे आली नाही तर वेगळी मागून घ्या, पण तिच्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

थ्रॉटल, म्हणजे मोटरला जोर द्यायचा खटका, अंगठ्यानं दाबायचा घेतलाय, मुठीनं पिळायचा नाही, कारण उतरून गाडी वळवताना आपण मूठच धरतो आणि ती चुकून पिळली गेली तर गाडी पळते. ब्रेक लिव्हर दाबला की मोटरचा करंट आपोआप तुटतो, ती वायर जोडलीये. आणि लिव्हरला लॉक आहे, ते चढावर भाजीवाल्यापाशी थांबताना हवंच, नाहीतर गाडी मागे घरंगळते.

तीनचाकी पडत नाही असं सगळे म्हणतात. उभी असताना नाही पडत, पण वळताना ती दोनचाकीसारखी झुकत नाही, आणि वेग दुप्पट झाला की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो, मग आतलं चाक उचललं जातं. म्हणून कंट्रोलरमधे, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्यात, वेगाची मर्यादा कमी ठेवलीये, ताशी १२-१५ च्या आसपास, आणि वळणावर त्याहून हळू. बॅटरीही बास्केटखाली, जमेल तेवढी खाली.

तीनचाकीला मोटर लावायची ही कल्पना आजची नाही बरं का. १८८१ मधे पॅरिसला गुस्ताव ट्रुव्हे यांनी इंग्लंडात बनलेल्या तीनचाकीलाच विजेची मोटर आणि शिशाच्या बॅटऱ्या लावून ती रस्त्यावर चालवली होती, कार्ल बेंझच्या पेट्रोल गाडीच्याही काही वर्षं आधी. आता शिसं नको, लिथियमची ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन किलोत येते, गल्लीबोळातल्या कामांना वीसेक किलोमीटर पुरते, आणि पूर्ण चार्ज करायला अर्धा युनिटही वीज लागत नाही. काकू ती काढून घरात नेणार, सोबत आलेल्याच चार्जरनं चार्ज करणार, तेही दिवसा, कोणीतरी जागं असताना.

कायद्याचं पण बघून घ्या. मोटर २५० वॅटच्या आत, वेग २५ च्या आत आणि चाचणी संस्थेनं मान्य केलेलं मॉडेल असेल तर नोंदणी-लायसन्स लागत नाही, त्यामुळे किट घेतानाच विकणाऱ्याकडे कागद मागा. पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर लावायचा.

चाक बसलं, वायरी खालच्या बाजूनं वळवून बांधल्या म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून मोटरमधे न जाता खाली गळेल. आता पहिले काही दिवस चालवून झाले की गाडी परत सायकलवाल्याकडे न्यायचीये, नवीन चाकाचे स्पोक सैल होतात ते ताणून घ्यायला, आणि एक्सलचे दोन्ही नट पान्यानं परत आवळायला.