स्क्रू सगळ्यात शेवटी

(जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेर एवढ्या देखण्या गाड्या उभ्या असताना तुम्ही आत येऊन बसलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. पत्रिकेत विषय छापलाय, 'जुनी गाडी सुरू न होणे आणि स्लो स्पीड न बसणे'. स्लो स्पीड म्हणजे पाय न देता इंजिनचं मंद, स्थिर चालणं. छापताना ही दोन दुखणी झाली. माझं म्हणणं असं आहे की कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाच्या, गाडीत ही दोन्ही पुष्कळदा एकाच बिघाडातून येतात. ती वेगवेगळी धरली की सुरू होत नाही म्हणून एकजण सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, खोलतो, स्लो स्पीड बसत नाही म्हणून दुसरा कार्बोरेटर खोलतो, आणि मूळ बिघाड दोघांच्या मधून निसटतो. आज तुम्हाला चार तपासण्या सांगायच्या आहेत, ज्या याच क्रमाने केल्या तर हे टळतं. बॅटरी आणि अर्थिंग, मग करंट (म्हणजे प्लगची ठिणगी), मग पेट्रोल, मग हवा. आणि कार्बोरेटरवरच्या ज्या स्क्रूकडे सगळ्यांचा हात आधी जातो, तो स्क्रू सगळ्यात शेवटी.

तपासण्यांकडे येतोच. पण त्याआधी एका मारुती ८०० ची हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. त्यांची कार्बोरेटरवाली, नव्वदच्या दशकातली मारुती. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, चोक, म्हणजे थंड इंजिनाला हवा कमी करून पेट्रोल जास्त देणारी पाकळी, हाताने ओढायचा. गाडी सकाळी कशीबशी सुरू व्हायची. बाजारात जाऊन गरम झाली, बंद केली, की सेल्फ नुसता कट-कट करायचा. पहिल्या गॅरेजने बॅटरी तपासली. ती खरोखरच उतरलेली होती. नवी घातली. काही आठवडे गाडी झकास चालली, त्यामुळे बॅटरीचाच दोष होता हे सगळ्यांना पटलं. मग पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी सेल्फ उतरवला, ब्रश बदलले, बुश बदलले. थोडा फरक पडला. तोवर स्लो स्पीडही बिघडला. सिग्नलला कधी इंजिन रेस होऊन राहायचं, कधी हुंदके देत बंद पडायचं. तिसऱ्या ठिकाणी कार्बोरेटरचं किट टाकलं आणि स्क्रू फिरवून दिला. बिलं वाढत गेली, गाडी होती तिथेच राहिली.

आता माझं खरं दुखणं ऐका. बाई प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सांगत होत्या. "सेल्फ मारला की जळका वास येतो, आणि नंतर चोक ओढायला जड जातो." तीन ठिकाणी सांगितलं. एकाही ठिकाणी कुणी मान वर करून विचारलं नाही की, बाई, वास नेमका कधी येतो? चोक आधीपासून जड आहे की सेल्फ मारल्यावर होतो? त्या वाक्यात पूर्ण निदान होतं. गाडीत रोज बसणाऱ्या माणसाला भागांची नावं माहीत नसतील, पण कान, नाक आणि हात त्याचेच असतात. त्याचं ऐकून न घेता पाना उचलणं हा माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात महाग दोष आहे, आणि मालक बाई असली की तो दुप्पट होतो. हे मी कळकळीने सांगतोय. समोर बऱ्याच गाडीमालक भगिनी बसल्या आहेत, त्यांच्या माना हलताना दिसतायत.

तर ती गाडी पाहिली. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल वायर इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि बाईंना म्हटलं, सेल्फ मारा. तिथे पाव व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. दोन व्होल्टच्या वर गेला. आणि सेल्फ थांबल्यावर चोकच्या केबलवर हात ठेवला, तर चटका बसला.

इथे अनेकांना उलगडा झाला असेल. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसपासून विजेच्या दृष्टीने अलग. सेल्फला लागणारा शंभर-दीडशे अँपिअरचा करंट बॅटरीकडे परत जातो तो इंजिनला बॉडीशी जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीतून. इथे त्या पट्टीच्या बोल्टखाली गंज चढला होता. वरून पट्टी शाबूत, खाली पापुद्रे. करंट मग दुसरी वाट शोधतो. इंजिनला आणि बॉडीला जोडणारं धातूचं आणखी काय उरतं? चोकची केबल आणि ॲक्सिलरेटरची केबल. त्या केबलींतून सेल्फचा करंट जात होता. तोच तो जळका वास. आतलं अस्तर वितळून केबल अडकायला लागली, म्हणून चोक जड. चोक अर्धवट अडकला की पेट्रोल जास्त, प्लग काळे, आणि चोकबरोबर फिरून रेस वाढवणारा फास्ट आयडलचा कॅमही अडकतो, म्हणून सिग्नलला रेस. कुणी तरी ती रेस स्क्रूने कमी केली, आणि ज्या दिवशी चोक मोकळा सुटला त्या दिवशी गाडी बंद पडायला लागली.

आणि बॅटरी का उतरत होती? बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिनलाच बसवलेला. त्याचं अर्थिंगही त्याच पट्टीतून. त्यामुळे बॅटरीला पूर्ण चार्जिंग मिळतच नव्हतं. नवी बॅटरी दुकानातून भरून आली, म्हणून काही आठवडे चालली. पहिल्या गॅरेजचं मोजमाप बरोबर होतं, बॅटरी उतरलीच होती. ती का उतरली हा पुढचा प्रश्न विचारायचा राहिला.

पट्टी काढली, दोन्ही टोकांचा धातू पांढरा होईपर्यंत घासला, नवी पट्टी, दोन नव्या केबली. सुरू होण्याचा त्रास संपला आणि स्लो स्पीडचाही. दोन्ही दुखण्यांची मुळी एका गंजलेल्या बोल्टखाली होती.

सुरू होण्याचा विषय निघालाय तर थोडं आडवळण घेतो. सेल्फची आपल्याला इतकी सवय झालीय की तो नव्हता तेव्हाची गाडी डोळ्यांसमोर येत नाही. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ पहिल्यांदा आला. त्याआधी हँडल, आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. पॉइंट-कॉइलची बॅटरीवर चालणारी इग्निशनही, म्हणजे ठिणगी पाडायची व्यवस्थाही, केटरिंगचीच. पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंट घासणारे तुम्ही सगळे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कल्पनेला हात लावत असता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पद्मिनी आपल्या कुर्ल्यात तयार झाली. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. आता या गाड्या जिवंत ठेवणं तुमच्याआमच्याकडेच आहे.

जुना बोरघाट चढताना कोणाकोणाच्या गाडीत ओलं फडकं असायचं? वर करा हात. बघा, अर्धी खोली! खोपोली सोडली की चढ, पहिला-दुसरा गिअर, मे महिना. पेट्रोल ओढणारा एसी पंप इंजिनलाच चिकटलेला. त्यात पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसती वाफ ढकलत बसतो, कार्बोरेटर कोरडा, गाडी बंद. पंपावर ओलं फडकं टाकलं की वाफेचं परत पेट्रोल होतं आणि गाडी सुरू. ज्यांनी हे पहिल्यांदा केलं त्यांनी निदान केलं होतं. फक्त गरम असतानाच बंद पडते, चढावरच पडते, थांबलं की आपोआप सुरू होते, हे त्यांनी पाहिलं होतं. माझा आग्रह एवढाच आहे. आधी बिघाडाची वेळ आणि परिस्थिती नीट पाहा.

आता स्क्रूबद्दल. यावर मी थोडा तापतो, सांभाळून घ्या. स्लो स्पीड पडला की थ्रॉटलची पाकळी किती उघडी राहील ते ठरवणारा स्टॉप स्क्रू आत घालून रेस वाढवायची, ही पद्धत म्हणजे तापाचं कारण न शोधता ताप उतरवण्याची गोळी देणं. थ्रॉटलची पाकळी बंद असताना तिच्या कडेच्या किंचित वर बारीक भोकं असतात. पाय दिल्यावर पाकळी उघडते तेव्हा ती उघडी पडतात आणि स्लो जेटकडून मेन जेटकडे (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) जाताना खंड पडू देत नाहीत. स्क्रू फार आत घातला की ही भोकं स्लो स्पीडलाच उघडी पडतात. मग पेट्रोल त्यांच्यातून यायला लागतं आणि मिक्स्चरचा स्क्रू कितीही फिरवा, इंजिन दाद देत नाही. पिकअपला झटका येतो. किल्ली बंद केली तरी इंजिन गडगडत राहतं. व्हॅक्युम अॅडव्हान्सची नळी पाकळीच्या वरच्या भोकाला जोडलेली असेल तर स्लो स्पीडलाच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे सरकतं, आणि त्या अवस्थेत कुणी टायमिंग लावलं तर तेही चुकतं. एका स्क्रूने चार गोष्टी बिघडल्या, आणि मूळ कारण, समजा टायमिंग मागे होतं किंवा एक सिलिंडर मरत होतं, ते तसंच झाकलं गेलं.

त्यात आता पेट्रोल बदललंय. २०२५ पासून आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल. आपल्या उसाचंही त्यात आहे, शेतकऱ्याचा फायदा मला हवाच आहे. पण जुन्या गाडीचं गणित लक्षात घ्या. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने देत राहतो. म्हणजे गाडी सात-आठ टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते. सकाळी चोक जास्त वेळ लागतो, स्लो स्पीड वरखाली होतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आणि जुन्या रबराला सोसत नाही. पावसाळ्यात महिनाभर झाकून ठेवलेली गाडी दसऱ्याला सुरू होत नाही, तेव्हा टाकीतलं पेट्रोल आणि पंपाचा डायाफ्राम यांच्यावर संशय घ्या.

चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिली. ज्यासाठी बोलावलं ते आता भरभर सांगतो. लिहून घ्या.

बॅटरी: विश्रांतीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मग मघाची अर्थिंगची तपासणी. कॉइलकडे जाणारी किल्लीची वायर काढून ठेवा, म्हणजे गाडी सुरू न होता सेल्फ फिरेल. आकडा पाव व्होल्टच्या वर असेल तर पट्टी काढा आणि घासा, वरून छान दिसली तरी.

करंट: प्लग काढून धातूला टेकवून ठिणगी पाहा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, त्यामुळे ठिणगी त्यापासून लांब ठेवा. निळी, जाड हवी. ज्यांच्या गाडीत पॉइंट आहेत त्यांनी गॅप पाहावा, बहुतेक जुन्या गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटर, तरी आपल्या गाडीचं पुस्तक पाहा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर बंद, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू, असं असेल तर कॉइल गरम असतानाच मोजा. थंड कॉइल बरोबरच दिसते. कोकणातल्या मंडळींनी पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची कॅप आतून कोरडी करावी आणि आत पेन्सिलच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदलावी.

पेट्रोल: इंजिन बंद, एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटर दाबा. बारीक धार दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे, पंपाला हात लावू नका. गरम गाडी फ्लड झाली (आत पेट्रोल जास्त गेलं) असेल तर पाय पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पुन्हा पुन्हा दाबू नका, प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं.

हवा: रबरी नळीचा तुकडा कानाला लावून दुसरं टोक कार्बोरेटरखालच्या पॅकिंगभोवती, ब्रेक बूस्टरच्या नळीभोवती फिरवा. फॅनपासून हात आणि कपडे जपा. हिस्स आवाज येतो तिथे गाडी एअर घेतेय. स्प्रे मारून शोधणारे पाहिलेत, गरम सायलेन्सरजवळ ते मला पसंत नाही.

आता स्लो स्पीड. पाय दिला की चालते, पाय काढला की मरते, तर स्लो जेट चोंदलाय किंवा कार्बोरेटरवरचा सोलेनॉइड, म्हणजे किल्लीबरोबर स्लो जेट उघडणारा विजेचा भाग, बिघडलाय. किल्ली ऑन केल्यावर त्याचा टिक आवाज ऐका. एका लयीत मिसिंग असेल तर पॉइंटच्या गाडीत एकेक प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढून अर्थला टेकवा; जिची काढल्यावर फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. टॅपेट, पॉइंट, टायमिंग हे सगळं झाल्यावर इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, दिवे आणि पंखा बंद, आणि मग, आता, स्क्रू. मिक्स्चरचा स्क्रू हलकेच तळाला टेकवून दीड आटे बाहेर, तिथून इंजिन सगळ्यात गोड चालेल तिथे. मग स्टॉप स्क्रूने पुस्तकातला आरपीएम.

व्हॅक्युम गेजबद्दल, म्हणजे इंजिन हवा किती ओढतं ते दाखवणाऱ्या घड्याळाबद्दल, बोलायचं होतं, वेळ संपली. एवढंच सांगतो की समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लो स्पीडला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी, म्हणजे पुण्यात १५ ते १९ आलं तर घाबरू नका. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग किंवा हवेची गळती, ठरावीक लयीत झटके देत असेल तर वाल्व. गेज मी बरोबर आणलंय. चहा घेऊन बाहेर या, ज्यांच्या गाडीचा स्लो स्पीड बसत नाही त्यांनी बोनेट उघडून ठेवा आणि गाडी गरम करायला लावा.