गॅलरीतला माका

नमस्कार, श्रोतेहो. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, पावसानेही बऱ्यापैकी जम बसवला. दिवाळीच्या अभ्यंगासाठी घरचं तेल हवं असेल, तर कुंडीची तयारी आत्ताच करायला हवी.

केसांसाठी झाडं लावायची म्हटलं की लोक शिकेकाईपासून सुरुवात करतात. अहो, शिकेकाई म्हणजे काटेरी, झाडावर चढणारी दांडगी वेल. तुमच्या गॅलरीत शिरली तर तुम्हाला बाहेर पडावं लागेल! रिठा तर वृक्षच. माझा हिशेब सोपा आहे. शिकेकाई, रिठा, नागरमोथा या वाळवून वापरायच्या वस्तू. त्या मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणाव्यात. कुंडीत लावायचं ते ताजंच वापरावं लागतं असं. म्हणजे माका, जास्वंद आणि कोरफड.

त्यातला माझा लाडका माका. खरं तर हे शेताच्या बांधावरचं, कालव्याच्या काठचं तण. मी पहिल्यांदा लावला तेव्हा चांगलीच फसले. रस्त्याच्या दुभाजकावर पिवळ्या फुलांची, पसरणारी वेल दिसते ना, तिची फांदी कुणीतरी ‘माका’ म्हणून दिली. मी ती दोन महिने कौतुकाने वाढवली. ती निघाली वेडेलिया, निव्वळ शोभेची! आपल्याला हवा तो पांढऱ्या, बटणाएवढ्या फुलांचा माका. खूण सांगते: पान बोटांत चुरडा आणि थोडं थांबा. रस काळपट पडला, तर माका.

त्याची फांदी ओल्या मातीत टेकवली की पेरांना मुळं फुटतात. एरवी कुंडीत पाणी साचू देऊ नका म्हणतात, पण याला दलदल आवडते. खाली पाण्याची ताटली ठेवली तरी चालते.

तेलाचं जुनं प्रमाण असं: एक वाटी तेल, चार वाट्या रस आणि पाव वाटी वाटलेला पाला. तेल खोबरेल घ्या किंवा तिळाचं. गॅस अगदी मंद. घाई केली की पाला करपतो आणि तेलाला जळका वास लागतो. पाणी आटत आलं की पाला बोटांत वळून बघा, त्याची वात व्हायला हवी. ती ज्योतीवर धरली आणि तडतडली, तर पाणी अजून आहे. असं तेल बाटलीत भरलं तर खवट होणार. तेल सिद्ध होताना वर फेस येतो, म्हणून कढई मोठी घ्या. माझा ओटा एकदा पुरता माखलाय!

जास्वंद मात्र गावठी, एकेरी लाल. तिला चार-पाच तास ऊन हवं. आठ-दहा पानं पाण्यात कुस्करली की बुळबुळीत रस निघतो, तो नहाण्याआधी केसांना लावा, गुंता सुटतो. पांढरा पिठ्या ढेकूण हिच्यावर हमखास येतो. पानं डोक्याला लावायची आहेत, तेव्हा विषारी फवारा नको. पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग निंबोळी तेल फवारा.

कोरफडीला पाणी कमीच. पान कापलं की पंधरा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या. तो अंगाला खाजतो. आणि काहीही नवीन लावताना आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाचा साका केसांवर बसतो. रिठ्याच्या फेसाचा तसा साका धरत नाही, म्हणून अशा सोसायट्यांमध्ये रिठा वापरून बघाच. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका, फार चुरचुरतो.

आता एक कडू गोष्ट. तेलाने केस मऊ होतात, तुटणं कमी होतं. टक्कल भरत नाही. मुठीने केस गळत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. माका कुठे पळून जात नाही.

आणि हो, तेल खोबरेल असेल तर रुंद तोंडाच्या बरणीत भरा. डिसेंबरात पुण्यात ते गोठतं, आणि मग निमुळत्या बाटलीत सकाळी सकाळी काडी घालून बसावं लागतं.